प्रोफेंचा हात

अरेग्वा, ४ जून

डेर्लिस,

तुझं पार्सल पोचलं. ब्वेनोस आयरेसहून इथवर येताना खोक्याचा एक कोपरा चेपला होता, पण आतली पाटी शाबूत आहे. प्रोफेंनी, आपल्या मास्तरांनी, तुला कळवायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. गाडी चालवता चालवता पाठवलेले तुझे आवाजी निरोप मी ऐकत नाही. त्यांत तुझ्यापेक्षा मागच्या गाड्यांचे हॉर्नच जास्त बोलतात. काय असेल ते लिहून पाठवत जा, आपल्या वयाच्या माणसांना शोभेल असं.

आता खरं विचारू? हा उपद्व्याप तुला सांगितला होता कुणी? प्रोफेंना सत्त्याहत्तर वर्षं झाली. आयुष्यभर त्यांनी कोळशाच्या कांडीने बटर पेपरवर घरं काढली, आणि तू त्यांना काच पाठवतोस.

आमचं बरं चाललं होतं रे. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून ते बोलतात आणि मी काढते. "निमिया, डावी भिंत जरा आत घे." मी घेते. "एवढी नको, बघ कशी अंग चोरून उभी राहिली ती." मी पुन्हा बाहेर काढते. मला पटलं नाही तर काढत नाही, मग आमचं वाजतं. गावात मला लोक प्रोफेंचा हात म्हणतात. तू हसशील, पण मला ते ऐकायला आवडतं. त्यांच्या हाताखाली शिकलेले तुम्ही सगळे एकेक करून गेलात, मी एकटी इथे उरले, तेव्हा एवढं तरी माझं असू दे.

सध्या कुंभारणींच्या मंडळाचं काम आहे. हमरस्त्याच्या कडेला उन्हात बसून मडकी विकणाऱ्या बायकांसाठी सावलीचा बाजार. प्रोफेंच्या डोक्यात आपल्या जुन्या घरांचा घाट आहे: दोन खोल्या समोरासमोर आणि मध्ये वाऱ्यासाठी मोकळी सोडलेली ओसरी. पहिली कच्ची चित्रं सप्टेंबरअखेर मंडळाला दाखवायची आहेत. म्हणतात, हे माझं शेवटचं काम. मागच्या तीन कामांनाही असंच म्हणाले होते.

टेबलावर बटर पेपरच्या गुंडाळ्या आहेत, त्यामुळे पाटीला जागा नाही. सध्या ती कपाटावर ठेवली आहे.

निमिया


ब्वेनोस आयरेस, ९ जून

निमियाबाई,

इतकं आंबट आभारपत्र मला जन्मात आलं नव्हतं. लिंबू पिळलं होतंस का शाईत?

ती पाटी नाही, टॅबलेट आहे, आणि कपाटावर ठेवायला नाही पाठवला. नीट वाच. चित्राच्या सेटिंगमध्ये 'स्थिरता' नावाची एक पट्टी आहे. ती शून्यावरून सरकवत पार उजवीकडे ने. मग हात कितीही थरथरू दे, रेघ पेनाच्या मागून किंचित उशिरा येते आणि वाटेतली थरथर गाळून येते. आमच्या ऑफिसातली पोरं बसमध्ये बसून खड्ड्याखड्ड्यांतून घरांचे आराखडे काढतात, ते याच्याच जिवावर. मी ते पाहिलं आणि मला पहिल्यांदा प्रोफेच आठवले.

कोळशाची कांडीही आहे त्यात, बोटाने पुसता येते. चूक झाली तर दोन बोटं टेकवली की मागची रेघ गायब. आणि पान माझ्याशी जोडून ठेवलं आहे, त्यांनी काढलेलं मला इथे दिसेल. गेली सोळा वर्षं मी त्यांचं काम तू पाठवलेल्या फोटोंतून बघतोय, आणि तू वर्षातून दोन पाठवतेस, तेही हललेले.

तुझी मक्तेदारी मोडायला नाही पाठवला गं. म्हातारबांना एक खेळणं. एवढंच.

डेर्लिस


अरेग्वा, २८ जून

डेर्लिस,

तुझं खेळणं चालू झालं. समाधान झालं?

तू प्रोफेंना परस्पर फोन करून पट्टीबद्दल सांगितलंस, त्यामुळे कपाटावरून ते खाली काढण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही. पट्टी मीच सरकवली. एका बोटाने सरकते, जोरही लावावा लागत नाही. प्रोफेंनी पेन टेकवलं. हात नेहमीसारखाच नाचत होता. रेघ मात्र त्यांच्या मागून शहाण्या मुलीसारखी सरळ चालत आली. त्यांनी पेन उचललं, रेघेकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा रेघेकडे.

"ही माझी?" मला विचारलं.

"तुमचीच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सहा वर्षांत मी काढलेल्या एकाही रेघेकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

मग ते काढतच सुटले. मी बर्फाच्या पाण्यात तेरेरेचा पाला भिजवून पेला भरला. पहिला पेला त्यांनी वर न बघताच घेतला. दुसरा परत देताना म्हणाले, "ग्रासियास." डेर्लिस, तू इतकी वर्षं तिकडे आहेस, पण हे विसरला नसशील. पेला परत देताना आभार मानले की संपलं, आता पुढचा भरू नकोस. माझ्या हातचा तेरेरे ते थर्मासमधला बर्फ वितळून जाईपर्यंत प्यायचे, आणि त्या दिवशी दुसऱ्याच पेल्याला ग्रासियास! वर म्हणाले, "तू जा घरी, निमिया. थंडी आहे. मी बसतो जरा." उरलेलं पाणी मी जुईच्या मुळाशी ओतलं आणि गेले.

आता मी आठवड्यातून दोनदा जाते. जाऊन काय करू? इतागुआच्या बायकांसारखी कोपऱ्यात बसून लेस विणू?

आणि हे नुसतं माझं पोटदुखीचं बोलणं समजू नकोस. कामाच्या सुरुवातीच्या रेघेत शंका हवी, हे त्यांनीच शिकवलं ना आपल्याला? तीन पुसट रेघा एकीवर एक, त्यातली खरी कुठली हे भिंतीलाही अजून ठाऊक नाही, अशी. तुझी पाटी पहिल्या फटक्यात ठाम रेघ देते. परवा मंडळाची पुढारीण आली. तिने ते सरळसोट चित्र पाहिलं आणि म्हणाली, "झालंच की! बांधायला कधी घ्यायचं?" अजून आम्ही दरवाजा कुठे ते ठरवलेलं नाही.

बरं, पोटदुखी पण आहे. जळतेय मी. माणसावर जळले असते तर चार लोकांत बोलता तरी आलं असतं. पाटीवर जळते हे कुणाला सांगू? म्हणून तुला सांगते, ज्याने ती पाठवली त्याला.

निमिया


ब्वेनोस आयरेस, ५ जुलै

निमिया,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. पाटीवर जळणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय.

पण माझं ऐक. गेल्या मंगळवारी मी ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. समोर कुणीतरी विटांच्या भावाबद्दल बोलत होतं. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात प्रोफेंचं पान उघडं होतं, आणि तिथे एक रेघ चालायला लागली. हळूहळू, थांबत थांबत. छपराची उतरंड होती ती. तो शेवटचा हलका बाक, पावसाचं पाणी लांब उडावं म्हणून ते देतात तो. तो बाक दुसऱ्या कुणाला जमत नाही. तुलाही नाही, राग मानू नकोस. मी उठून संडासात गेलो आणि रडलो. पंचेचाळिसाव्या वर्षी.

आता दर रविवारी त्यांचा फोन असतो. आधी मी करायचो, ते दोन वाक्यांत आटपायचे. आता तेच करतात. "डेर्लिस, चित्रातले हे थर म्हणजे काय? एक लपवला तर तो जातो कुठे?" तासभर चालतं. विद्यार्थी असताना मला त्यांचा इतका वेळ कधी मिळाला नव्हता, तुझ्या वाट्याचा संपल्यावर उरलेला मिळायचा.

आणि तुझी तर सुटकाच झाली, असं बघ ना. सहा वर्षं दुसऱ्याची चित्रं काढलीस. आता स्वतःची काढ. तुझ्यात गुण आहेत, हे मी नेहमीच म्हणत आलोय.

डेर्लिस


अरेग्वा, २ ऑगस्ट

डेर्लिस,

माझ्यातले गुण दाखवून दिल्याबद्दल उपकार झाले.

बातमी चांगली नाही. प्रोफेंचा हात बिघडला आहे. पाटीवरही आता रेघ थरथरते. दोन-तीन आठवडे झाले, उत्तरेचा वारा सुटलाय. तो सुटला की इथे काय होतं ते तुला माहीत आहे. नवरा-बायको भांडतात, कुत्री भिंतींवर भुंकतात, दुकानदार सुटे पैसे फेकून देतात. मग म्हाताऱ्या माणसाच्या हाताची काय कथा! पट्टीचं विचारशील, तर ती मी पाहिली. ती जिथे असायला हवी तिथे आहे. यंत्र शेवटी यंत्रच, त्याच्या भरवशावर किती राहायचं?

मी आता रोज जाते. दहा वाजता पोचते. ते पाटीवर दोन रेघा ओढतात, कोंबडीने माती उकरल्यासारख्या दिसतात. मग पेन खाली ठेवून म्हणतात, "घे बाई, तूच घे." मी बटर पेपर पसरते, तेरेरे भरते आणि आम्ही कामाला लागतो. थर्मास रिकामा होईपर्यंत बसतो.

काळजी करू नकोस. मी आहे इथे.

निमिया


ब्वेनोस आयरेस, १० ऑगस्ट

निमिया,

वाचून वाईट वाटलं. उत्तरेचा वारा म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. तू आहेस म्हणून बरं.

रोज जातेस म्हणजे तुझ्या बाकीच्या कामांचं काय होतं? आणि रोज दहालाच पोचतेस का? सहज विचारतोय.

बाजाराचं चित्र कुठवर आलं, ते कळव.

डेर्लिस


अरेग्वा, ६ सप्टेंबर

डेर्लिस,

हो, रोज दहाला. आधी आईला औषध द्यायचं असतं, मग निघते. बाकीची कामं जातील खड्ड्यात.

बाजाराचं चित्र बघशील तर वेडा होशील. मधल्या ओसरीवरून आम्ही आठवडाभर भांडलो. त्यांना ती रस्त्याला काटकोनात हवी होती, मी म्हटलं तिरकी घ्या. तळ्यावरचा वारा तिरका येतो, आणि येणाऱ्या गाडीतून मडकी लांबूनच दिसली पाहिजेत. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं ओसऱ्या बांधतोय." मी म्हटलं, "आणि मी चाळीस वर्षं या रस्त्याने ये-जा करतेय." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढ तिरकी, बघू तरी किती वाईट दिसते." काढली. बघितली. मग पेला पुढे केला.

लापाचो फुलले आहेत, स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागल्यात, आणि रस्त्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नाही. तुझी पाटी सुखरूप आहे. आम्ही तिने पेला झाकतो, माश्या बसू नयेत म्हणून.

आता मुख्य गोष्ट. काल ते म्हणाले, "निमिया, या चित्राखाली दोन नावं घालू. बेनेगास आणि ओवेलार." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यांनी पुन्हा म्हणावं म्हणून. पुन्हा म्हणाले. डेर्लिस, त्यांनी आजवर आपल्या नावाशेजारी कुणाचंही नाव लावलेलं नाही. तू किती हट्ट धरला होतास शाळेच्या त्या कामाच्या वेळी, आणि ते काय म्हणाले होते, आठवतं ना? त्याच वर्षी तू निघून गेलास. मला मागावंही लागलं नाही.

तू तासनतास फोनवर बोल हवं तर. माणसाला हात लागतो, डेर्लिस, आवाज पुरत नाही.

निमिया ओवेलार
(सही लांबलचक झाली, सवय करते आहे.)


ब्वेनोस आयरेस, ८ सप्टेंबर

निमिया,

पुरे झालं. मी गप्प राहायचं वचन दिलं होतं, पण तुझ्या त्या लांबलचक सहीने ते मोडलं.

तुझा उत्तरेचा वारा कुठला गं? जुलैच्या मध्यात तुमच्याकडे दक्षिणेची थंडी होती. प्रोफे मला फोनवर सांगत होते की दोन स्वेटर घालून बसलोय.

ऐक आता. जुलैतल्या एका रविवारी त्यांचा फोन आला. "डेर्लिस, माझ्या रेघेला ताप आलाय. मशीन आजारी पडतं का?" मी म्हटलं, पट्टी बघा कुठे आहे. म्हणाले, शून्यावर. मी म्हटलं, चुकून बोट लागलं असेल, सरकवा उजवीकडे. सरकवली, रेघ बरी झाली. तू त्या आठवड्यात पुन्हा येऊन गेलीस. ते पुन्हा पाहतात तर शून्यावर. मला फोन केला आणि "पुन्हा शून्य," म्हणाले. मग हसायला लागले. "अरे, ही तर आपली निमिया!"

तुझं बोट, निमिया. एका बोटाने सरकते, असं तूच लिहिलं होतंस.

मी म्हटलं, प्रोफे, तिला खडसवा. थरथरीने एकदा नेलेला म्हाताऱ्या माणसाचा हात तिने दुसऱ्यांदा काढून घेतला. तर म्हणाले, "गप रे. माझी रेघ सरळ झाल्यापासून ती आठवड्यातून दोनदा यायची, आणि यायची तेही मयताला बसल्यासारखी बसायची. कालपासून बघ कशी आलीय. भांडते, माझ्या भिंती ढकलते, तेरेरेत जास्त पुदिना घालते. राहू दे शून्यावर. तिला काही बोलायचं नाही, शपथ घे." मी घेतली.

तेव्हापासून ते रोज पहाटे उठून तुझ्या येण्याच्या आधी पट्टी उजवीकडे नेऊन काढत बसतात. वेगळं पान आहे, ते फक्त मला दिसतं. दहाच्या आत पट्टी पुन्हा शून्यावर नेतात. त्या दोन कोंबडीच्या रेघा असतात ना, ते नाटक असतं. तुझ्यासाठी. रोज. आणि मी इथे बसून रोज ते नाटक बघतो आणि तुझी 'मी आहे इथे' असली पत्रं वाचतो.

मला तुझी दया आली म्हणून हे लिहीत नाही. मला आग लागली म्हणून लिहितोय. नाव! मी त्या नावासाठी पाच वर्षं त्यांच्या टेबलाचे पाय धरून बसलो होतो. शेवटी ते मला म्हणाले, "तुला नाव आधी हवंय, घर नंतर." ते ऐकून मी घर सोडलं, गाव सोडलं. आणि तू एक पट्टी सरकवून ते मिळवलंस.

आणि तो टॅबलेट. खेळणं वगैरे काही नव्हतं. मला वाटलं, त्यांना अडचण आली की ते मला विचारतील. मला त्यांचा फोन यावा एवढ्यासाठी मी तो घेतला होता. तू त्यांच्या टेबलापासून उठावंस असंच मला हवं होतं, हेही खरं.

डेर्लिस


ब्वेनोस आयरेस, २१ सप्टेंबर

निमिया,

तुझं काहीच उत्तर नाही. काल रविवार होता, प्रोफेंनी फोन केला, पण तुझं नाव काढलं नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही. तू त्यांच्याकडे जाणं सोडलं नाहीस ना? तेवढं सांग.

रागाच्या भरात मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं लिहितो. लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

पहाटेच्या त्या पानावर बाजार नसतो. मी एकदा म्हटलं होतं, प्रोफे, आता तुमची रेघ तुमच्याजवळ आहे, बाजाराचं चित्रही तुम्हीच उरकून टाका की. पहाटे ते काय काढतात माहीत आहे? त्यांच्या दिवंगत बायकोची, रामोनाबाईंची, चुलीजवळची खुर्ची. अंगणातला लापाचो. शेजाऱ्याचं लंगडं कुत्रं. बाजाराची एक वीटसुद्धा नाही. मला म्हणाले, "एकटा काढायला बसलो की भिंती मुकाट्याने माझं ऐकतात. निमिया ऐकत नाही. म्हणून ते काम तिच्याबरोबरच."

म्हणजे नाव तुझंच आहे, पट्टीचं नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण त्यांच्या तोंडून ते ऐकणंच मला सोसलं नव्हतं.

उत्तर दे.

डेर्लिस


अरेग्वा, २७ सप्टेंबर

डेर्लिस,

तुझं आठ तारखेचं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी वाटलं तू खोटं बोलतोस. मग वाटलं, बोलत असशील तर बरं. आईने विचारलं काय झालं, तर मी तिच्यावरच खेकसले. मग मी दोन आठवडे तिकडे गेलेच नाही. ताप आलाय असा निरोप पाठवला. प्रोफेंनी शेजारणीबरोबर चिपाचे पाव आणि लिंबाची पानं पाठवली, आणि माझ्या मेल्या जिवाला अजूनच लाज वाटली.

तुझं दुसरं पत्र वाचल्यावर मात्र उठले. काल गेले. दहाला नाही, उजाडता उजाडता. जुईच्या आडून अंगणात पाऊल टाकलं, तर ते ओसरीत बसलेले. एक पाय दुसऱ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ दातांत धरलेली, पहिलीतल्या पोरासारखी. काढत होते. मी जवळ जाईपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. कुत्रं काढत होते. लंगडं, पण काय डौलदार! रेघ सरळ, त्यांची. तो शेवटचा बाक शेपटीलासुद्धा दिला होता. तू म्हणालास ते खरं आहे, मला तो जमत नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं.

डेर्लिस, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. त्यांना रंगेहाथ पकडायला मी गेले नव्हते, पण पकडले गेले ते. अंगठा आपोआप पट्टीकडे गेला. माझ्या डोळ्यांदेखत पट्टी शून्यावर नेली, पान पालटलं, आणि लगेच दोन रेघा ओढल्या. वाकड्यातिकड्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग पेन ठेवून म्हणाले, "आलीस? बरं झालं बाई. बघ ना, हात आज अगदीच वाह्यात झालाय. ताप उतरला का?"

माझ्या ओठांवर आलं होतं. मी सरकवली ती पट्टी, मीच, असं सगळं एका दमात सांगून टाकावं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, डेर्लिस, की मी सांगितलं असतं तर त्यांचं सगळं मोडलं असतं. ते घाबरले होते. मी रागावून परत जाईन, म्हणून. प्रोफे बेनेगास, ज्यांनी एकदा तुझं चित्र खिडकीबाहेर फेकलं होतं, ते मला घाबरले होते.

"उतरला," मी म्हटलं. "सरका जरा, मला उजेड हवाय."

बटर पेपर पसरला आणि तिरक्या ओसरीच्या छपरावरून दुपारपर्यंत भांडलो. परवा चित्रं मंडळाला दाखवायची आहेत. खाली दोन्ही नावं मी माझ्याच हाताने लिहिली. आधी त्यांचं.

पट्टीला मी यापुढे हात लावणार नाही. लावायची गरजच नाही, ते स्वतःच लावतात. पहाट तुझी. दहानंतर माझं. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, आणि रविवारी फोनवर तुझ्या आवाजातही ते येता कामा नये. तुला जमेल, दोन महिने जमवलंस.

जळणं थांबलंय असं समजू नकोस. ते गुपित त्यांनी तुला सांगितलं, मला नाही, हे मला आठवलं की अजून भांडी आपटते. पण काल घरी परत येताना वाटेत मला एक सुचलं, आणि मी रस्त्यातच थांबून हसले. स्ट्रॉबेरी विकणारी बाई बघतच राहिली.

तुला ते खरं सांगतात. फोन उचलला आणि सांगून मोकळे झाले, त्याला काय लागतं? माझ्यासाठी मात्र सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस थंडीत पहाटे उठतो, घड्याळाकडे बघत बसतो, स्वतःची सुधारलेली रेघ स्वतःच्या हाताने बिघडवतो आणि तोंड पाडून खोटं बोलतो. रोज. मी उद्याही यावं म्हणून. तू निघून गेलास तेव्हा तुला थांबवायला त्यांनी एक तरी खोटं बोलून पाहिलं का?

आता तू जळ.

निमिया